वास्तुध्वनिशास्त्राचा सल्लागार प्रत्यक्षात काय काम करतो?

वास्तुकलेच्या चौथ्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थिनीने चार प्रश्न विचारले आहेत. ध्वनिशास्त्र हा विषय त्यांना एका सत्रापुरता होता आणि तो फार आवडला. आता सभागृहांच्या ध्वनिरचनेचा सल्लागार म्हणून पूर्णवेळ काम करून पोट भरता येते का, संशोधन आणि सल्लागारी ही दोन्ही कामे एकाच माणसाला जमतात का, परदेशी जाऊन शिकणे गरजेचे आहे का, आणि संगीत येत नसेल तर अडते का, असे त्यांना जाणून घ्यायचे आहे.

मी या व्यवसायात सत्तावीस वर्षे आहे. माझेही मूळ शिक्षण वास्तुकलेचेच झाले, त्यामुळे तुमच्या प्रश्नामागची ओढ मला ओळखीची आहे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर सरळ देता येते: पोट भरते, परंतु ते सभागृहांवर भरत नाही. माझ्याकडे येणाऱ्या दहा कामांपैकी एखादेच नाट्यगृहाचे किंवा संगीतसभागृहाचे असते. उरलेली नऊ हॉटेलच्या खोल्यांमधील भिंतींची, मल्टिप्लेक्सच्या दोन पडद्यांमधील भिंतींची, रुग्णालयांची, मोकळ्या कार्यालयांची, ध्वनिमुद्रणाच्या स्टुडिओंची आणि गच्चीवर बसवलेल्या यंत्रांची असतात. या व्यवसायात येणाऱ्या तरुणांना वाटते की आयुष्य मैफलींच्या सान्निध्यात जाईल. प्रत्यक्षात ते एसीच्या पंखाघरात, डक्टच्या वळणाखाली आणि शौचालयाच्या नळजोडणीच्या आराखड्यावर वाद घालण्यात जाते. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही. नाट्यगृहात कुजबुज शेवटच्या रांगेपर्यंत पोचायची असेल, तर आधी तिथे पंख्याची घरघर नसावी लागते, आणि ती घालवण्याचे ज्ञान या इतर नऊ कामांतूनच येते.

या नऊ कामांत सर्वाधिक वेळ एका गैरसमजाशी झगडण्यात जातो. आवाज शोषणे आणि आवाज अडवणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. फोम किंवा काचलोकर (ग्लासवूल) खोलीत लावली की त्या खोलीतला घुमारा कमी होतो. शेजारच्या खोलीत जाणारा आवाज मात्र जवळजवळ तेवढाच जातो, कारण आवाज अडवण्यासाठी वजन लागते आणि फटी बंद असाव्या लागतात. दोन्ही बाजूंनी गिलावा केलेली साडेचार इंची विटांची भिंत साधारण ४२ ते ४५ डेसिबेल आवाज अडवते. त्याच भिंतीत तिच्या क्षेत्रफळाच्या एक टक्का एवढे भोक राहिले, तर तो एक टक्का भाग शंभरातला एक हिस्सा ध्वनिऊर्जा सरळ पलीकडे सोडतो, आणि सगळ्या भिंतीची क्षमता २० डेसिबेलच्या आसपास येऊन थांबते. मग भिंत कितीही जाड असली तरी उपयोग होत नाही. एका कार्यालयात संचालकांच्या दालनातील बोलणे बाहेर ऐकू येते म्हणून मला बोलावले होते. दाराला रबराच्या पट्ट्या लावून झाल्या होत्या, काच दुहेरी केली होती. मी शिडी मागवून फॉल्स सीलिंगची एक फरशी सरकवली, तर भिंत तिथेच संपलेली दिसली. वर स्लॅबपर्यंतची दोन फूट पोकळी दोन्ही खोल्यांना सामाईक होती. हा दोष मी किती इमारतींत पाहिला याची गणती नाही, आणि तो टाळण्यासाठी आराखड्यावर एक ओळ लिहावी लागते.

कायद्याची बाजूही लवकर शिकून घ्या. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबेल, शांतता क्षेत्रात ५० आणि ४० डेसिबेल अशा मर्यादा आहेत, तर एक हजार केव्हीएपर्यंतच्या डिझेल जनरेटरला त्याच्या आवरणापासून एक मीटरवर ७५ डेसिबेलची मुभा आहे. या दोन आकड्यांमधले अंतर कसे भरून काढायचे, म्हणजे जनरेटर कुठे ठेवायचा, धुराड्याचे तोंड कोणाच्या खिडकीकडे करायचे नाही, हे ठरवणे हा तुमच्या पहिल्या काही वर्षांचा नित्याचा व्यवसाय असेल.

आता सभागृहांविषयी लिहितो, कारण तुमचे मन तिथे आहे आणि या विद्येचा उगमही तिथेच आहे. १८९५ मध्ये हार्वर्ड विद्यापीठात फॉग कलासंग्रहालयाचे नवे व्याख्यानगृह बांधले गेले आणि त्यात वक्त्याचा शब्दच कळेना. विद्यापीठाच्या अध्यक्षांनी भौतिकशास्त्राचे सत्तावीस वर्षांचे साहाय्यक प्राध्यापक वॉलेस क्लेमेंट सॅबिन यांना ते दुरुस्त करायला सांगितले. सॅबिन यांनी शेजारच्या सँडर्स थिएटरमधील गाद्या मध्यरात्रीनंतर उचलून आणल्या, त्या थोड्या थोड्या मांडत ५१२ हर्ट्झची ऑर्गनची नळी वाजवली आणि ती बंद केल्यावर आवाज ऐकू येईनासा व्हायला किती वेळ लागतो, हे कानाने आणि कालमापकाने नोंदवले. रिकाम्या सभागृहात हा वेळ साडेपाच सेकंदांहून अधिक होता. रात्रीच काम करण्याचे कारण असे की दिवसा रस्त्याचा आवाज ऐकण्याच्या आड येई. मोजणाऱ्याच्या अंगावरचे कपडेही आवाज शोषतात हे ध्यानात आल्यावर त्यांनी आधीच्या हजारो नोंदी रद्द केल्या आणि पुढे प्रत्येक वेळी तेच कपडे घालून मोजणी केली. मी हाताखाली येणाऱ्या प्रत्येकाला ही कपड्यांची गोष्ट सांगतो. ती ऐकून ज्याला हसू येते त्याच्याबद्दल मला काही वाटत नाही, पण ज्याला ती वेळेची उधळपट्टी वाटते तो या कामात टिकत नाही, असा माझा अनुभव आहे.

त्या गाद्यांमधून सॅबिन यांना जे सूत्र सापडले ते आजही आम्ही रोज वापरतो: निनादकाळ म्हणजे ०.१६१ गुणिले सभागृहाचे घनफळ, भागिले त्यातील एकूण शोषण. आवाज ६० डेसिबेलने उतरायला लागणारा वेळ म्हणजे निनादकाळ. हे सूत्र त्यांनी बोस्टन सिंफनी हॉलच्या रचनेसाठी वापरले. १५ ऑक्टोबर १९०० रोजी उघडलेले ते सभागृह आजही जगातील उत्तम संगीतसभागृहांत गणले जाते.

सूत्र साधे असल्यामुळे त्यातील खरी मेख नजरेतून निसटते, म्हणून एक हिशेब मांडतो. हजार आसनांचे सभागृह धरा. शोषण चौरस मीटरमध्ये मोजतात: एक चौरस मीटर शोषण म्हणजे आलेला सगळा आवाज गिळणारी तेवढ्या आकाराची उघडी खिडकी. भरलेल्या सभागृहात मुख्य शोषण प्रेक्षकच करतात. खुर्चीसह एक माणूस साधारण अर्धा चौरस मीटर शोषण देतो, त्यात बाकीच्या पृष्ठभागांची भर घालून एकूण शोषण ७०० चौरस मीटर धरू. प्रत्येक आसनामागे चार घनमीटर याप्रमाणे ४,००० घनमीटर घनफळ असेल, तर निनादकाळ ०.९२ सेकंद येतो. हे नाटकाचे सभागृह झाले. पाश्चात्त्य वाद्यवृंदासाठी १.८ सेकंदांच्या आसपास निनादकाळ हवा असतो, आणि पृष्ठभाग वाढल्यामुळे शोषण ८०० धरले तरी त्यासाठी ९,००० घनमीटर घनफळ लागते, म्हणजे तेवढ्याच प्रेक्षकांसाठी छत दुपटीहून उंच न्यावे लागते. भिंतीवर काय लावायचे ही चर्चा सुरू होण्याच्या फार आधी, छताची उंची आणि आसनांची संख्या ठरते त्याच बैठकीत सभागृहाचे नशीब ठरून जाते. आमच्याकडे सल्लागाराला बोलावतात ते स्लॅब पडल्यावर, आणि पुष्कळदा अंतर्गत सजावटीचा कंत्राटदार नेमल्यावर. त्या वेळी निनाद कमी करता येतो, वाढवता येत नाही. मुंबईत एनसीपीए या कलाकेंद्राचे टाटा थिएटर १९८० मध्ये उघडले. भारतीय संगीत आणि नृत्य डोळ्यांसमोर ठेवून सुमारे हजार प्रेक्षकांना अर्धवर्तुळात रंगमंचाजवळ बसवण्याची त्याची योजना आहे, आणि त्याच्या रचनेत वास्तुकार फिलिप जॉन्सन यांच्याबरोबर ध्वनितज्ज्ञ सिरिल हॅरिस होते. तिथे जाऊन मधल्या आणि कडेच्या आसनांवर बसून पाहा. आकार आणि आवाज यांचा विचार एकत्र झाला की काय होते, ते पुस्तकापेक्षा तिथे लवकर कळते.

ही जाण आपल्याकडे नवी नाही. नाट्यशास्त्रातील मध्यम आकाराचे आयताकृती नाट्यगृह ६४ हात लांब आणि ३२ हात रुंद सांगितले आहे आणि त्याची निम्मी लांबी प्रेक्षकांसाठी आहे. हात दीड फुटाचा धरला तर शेवटचा प्रेक्षक रंगपीठापासून सुमारे ४८ फुटांवर बसतो. त्याहून मोठ्या नाट्यगृहात शब्द अस्पष्ट होतो असा इशाराही तिथेच आहे, आणि नाट्यगृह वारा न शिरणारे, पर्वतगुहेसारखे असावे म्हणजे आवाज गंभीर राहतो, असेही म्हटले आहे. ध्वनिक्षेपकाशिवाय बोलणाऱ्या नटाचा शब्द आजच्या मोजणीनेही वीस-पंचवीस मीटरपलीकडे विश्वासाने पोचत नाही. महाराष्ट्रातल्या हजार आसनांच्या आयताकृती नाट्यगृहांत मागच्या रांगा या मर्यादेच्या काठावर किंवा पलीकडे पडतात. म्हणून छताचे पुढचे पट्टे असे कलते ठेवावे लागतात की त्यांच्यावरून उसळलेला आवाज मागे पोचावा, आणि तोही थेट आवाजानंतर ५० मिलिसेकंदांच्या आत. एवढ्या वेळात आवाज १७ मीटर जातो. उसळून आलेला आवाज याहून जास्त वळसा घेऊन आला तर तो मदत करण्याऐवजी शब्द पुसट करू लागतो, आणि फारच उशिरा व जोरात आला तर स्वतंत्र प्रतिध्वनी म्हणून ऐकू येतो. मागची भिंत वक्र ठेवण्याची हौस वास्तुकारांना असते. ती वक्रता सगळा आवाज एकवटून रंगमंचावर परत पाठवते, आणि नटाला स्वतःचेच वाक्य अर्ध्या क्षणाने ऐकू येते.

संशोधनाच्या प्रश्नाकडे मी माझ्याच एका चुकीच्या वाटेने येतो. स्वतंत्र व्यवसायाच्या चौथ्या वर्षी एका जिल्ह्याच्या गावातील सातशे आसनांचे सभागृह माझ्याकडे आले. आवाज घुमेल या धास्तीने मी सर्व भिंतींवर कापडाखाली २५ मिलिमीटर जाडीची काचलोकर आणि वर तंतूंच्या फरशांचे छत दिले. ५०० हर्ट्झचा हिशेब केला, ०.८ सेकंद आले, आणि मी समाधानाने अहवाल पाठवला. उद्घाटनानंतर काही महिन्यांनी तिथे एका ज्येष्ठ गायकांची मैफल झाली. त्यांनी संयोजकांना सांगितले की या सभागृहात वर काही उरत नाही आणि खाली सगळे साचून राहते. मला हे कळले तेव्हा प्रथम राग आला. मग मी उपकरणे घेऊन, माझ्या खर्चाने, रात्रीचा प्रयोग संपल्यावर तिथे गेलो आणि मोजले. मध्यम आणि उच्च स्वरांचा निनादकाळ अपेक्षेप्रमाणे ०.८ सेकंद होता. १२५ हर्ट्झला तो १.७ होता. गायकांनी दोन वाक्यांत जे सांगितले होते, तेच माझ्या आलेखावर उमटले होते. १२५ हर्ट्झच्या ध्वनिलहरीची लांबी जवळजवळ पावणेतीन मीटर असते आणि भिंतीला चिकटलेला सच्छिद्र थर तिला नीट शोषायचा तर त्याची जाडी तिच्या चतुर्थांशाच्या जवळ जावी लागते. एक इंची काचलोकर तिच्या खिजगणतीतही नसते. तबल्याचा बायाँ त्या सभागृहात घोंघावत होता आणि तानपुऱ्याचा झंकार भिंती पिऊन टाकत होत्या.

दुरुस्ती अशी केली की एक तृतीयांश काचलोकर काढून टाकली आणि त्या जागी लाकडी पट्ट्यांवर, मागे पोकळी ठेवून, पातळ प्लायवूड ठोकले. असा पातळ तक्ता स्वतः हलून खालचे स्वर शोषतो आणि वरचे परत पाठवतो. काम झाल्यावर मी पुन्हा मोजले, आणि त्यानंतरही गेलो. तेव्हापासून मी स्वतःला एक नियम लावून घेतला आहे: शुल्क मिळो न मिळो, बांधून झालेल्या प्रत्येक सभागृहात एकदा रिकाम्या आणि जमल्यास एकदा भरलेल्या अवस्थेत परत जाऊन मोजायचे. माझे जे काही थोडे संशोधन आहे ते या परतीच्या फेऱ्यांमधून आले. सल्लागार आणि संशोधक ही दोन माणसे असतात असे मला कधी वाटले नाही. आपला अंदाज आणि आपली मोजणी यांतील फरकाकडे जो सल्लागार पाहत राहतो, त्याच्यापुढे संशोधनाचे प्रश्न आपोआप येतात. अर्थात या फेऱ्यांना कोणीही पैसे देत नाही, आणि व्यवस्थापनाची परवानगी मिळवणे हे मोजण्याहून अवघड असते.

याचे मोठे उदाहरण न्यूयॉर्कचे आहे. लिओ बेरानेक हे त्या काळचे अग्रगण्य ध्वनितज्ज्ञ होते. त्यांनी जगभरच्या पन्नासहून अधिक सभागृहांचा अभ्यास करून लिंकन सेंटरमधील फिलहार्मोनिक हॉलसाठी सल्ला दिला. आराखडा २,४०० आसनांचा होता. लोकाग्रहामुळे ती संख्या २,६०० च्या वर नेण्यात आली आणि त्यापायी सभागृहाचा आकारही बदलला. सप्टेंबर १९६२ मध्ये ते उघडले तेव्हा खालचे स्वर क्षीण आहेत आणि वादकांना एकमेकांचे ऐकू येत नाही अशा तक्रारी झाल्या. पुढे अनेक दुरुस्त्या झाल्या, १९७६ मध्ये सिरिल हॅरिस यांनी आतला भाग संपूर्ण नव्याने रचला, तरीही समाधान झाले नाही आणि पुन्हा एकदा आतून बांधलेले सभागृह २०२२ मध्ये सुमारे २,२०० आसनांनिशी उघडले. बेरानेक यांचे नाव या प्रकरणात कायमचे गोवले गेले. पण बेल प्रयोगशाळेच्या संशोधकांनी त्या सभागृहात केलेल्या मोजण्यांतून एक नवी गोष्ट उघड झाली: खुर्च्यांच्या रांगांवरून जवळजवळ समांतर सरकत जाणाऱ्या आवाजातील १०० ते २०० हर्ट्झच्या आसपासचे स्वर वाटेतच गळतात. त्याच दशकात न्यूझीलंडचे हॅरल्ड मार्शल यांनी कडेच्या भिंतींवरून कानांना दोन बाजूंनी भिडणाऱ्या लवकरच्या परावर्तनांचे महत्त्व मांडले आणि १९७२ च्या क्राइस्टचर्च टाउन हॉलमध्ये प्रचंड कलते फलक टांगून ते प्रत्यक्षात आणले. बेरानेक स्वतःही थांबले नाहीत. त्यानंतरची कित्येक दशके ते सभागृहांचा अभ्यास करत राहिले आणि २०१६ मध्ये वयाच्या १०२ व्या वर्षी वारले.

आपल्याकडे संशोधनाला विषयांची कमतरता नाही. सी. व्ही. रामन यांनी विजापूरच्या गोलघुमटाच्या कुजबुज सज्ज्याचा अभ्यास १९२० च्या दशकाच्या आरंभी केला होता. त्या मानाने आमच्या पिढीने आपल्या इमारतींकडे पाहिलेच नाही, असे मला प्रामाणिकपणे वाटते. कोकणातल्या पत्र्याच्या छपराच्या शाळेत जुलैमध्ये एक तास बसा. पावसाची सर आली की गुरुजी बोलणे थांबवतात आणि मुलांना पाढे लिहायला लावतात. छतावरच्या पावसाचा आवाज प्रयोगशाळेत कसा मोजायचा याची आंतरराष्ट्रीय पद्धत ठरलेली आहे. पत्र्याखाली नेमका कोणता स्वस्त थर दिला म्हणजे शिकवणे चालू ठेवता येईल, हा प्रश्न कोणा अभ्यासकाने हाती घेतला तर हजारो वर्गांना त्याचा उपयोग होईल. भाषेचा प्रश्नही तसाच आहे. शब्द किती कळतो हे मोजण्याचा जो निर्देशांक आम्ही वापरतो तो नेदरलँड्समध्ये घडला. मराठीत ‘दार’ आणि ‘धार’, ‘काट’ आणि ‘खाट’ यांतला फरक महाप्राणाच्या क्षणभराच्या श्वासावर उभा असतो, आणि आधीच्या अक्षराचा निनाद नेमका तोच श्वास झाकून टाकतो. मराठी शब्दांच्या याद्या करून, निरनिराळ्या निनादकाळांत आणि पंख्याच्या आवाजात श्रोत्यांची परीक्षा घेणे हे पदव्युत्तर प्रबंधाच्या आवाक्यातले काम आहे.

शिक्षणाविषयी बोलताना मी थोडा सावध राहीन, कारण माझ्या ओळखीचे उत्तम सल्लागार निरनिराळ्या वाटांनी आले आहेत. वास्तुकलेच्या पदवीत तुम्हाला जे मिळाले त्याने आराखडा वाचता येतो, जो भौतिकशास्त्राच्या पदवीधराला वाचता येत नाही. परंतु लहरींचे गणित आणि संकेतप्रक्रिया (सिग्नल प्रोसेसिंग) तुम्हाला स्वतंत्रपणे शिकावी लागेल, आणि ती टाळणारे वास्तुकार पुढे संगणकाच्या आज्ञावलीने (सॉफ्टवेअरने) काढलेल्या रंगीत चित्रांवर आंधळा विश्वास ठेवतात. ओडिऑन, जी मुळात डेन्मार्कच्या तंत्रविद्यापीठात घडली, किंवा तिच्यासारख्या आज्ञावल्या आवाज किरणांसारखा सरळ जातो असे धरून चालतात. खालच्या स्वरांना आणि लहान खोल्यांना ते गृहीतक लागू पडत नाही, आणि पृष्ठभागाचे आकडे चुकीचे भरले तर उत्तरही तितक्याच आत्मविश्वासाने चुकीचे येते. देशात रुरकीची केंद्रीय इमारत संशोधन संस्था आणि दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा येथे या विषयाची परंपरा आहे, बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत तांत्रिक ध्वनिशास्त्र शिकवले गेले आहे, आणि पुण्यात वाहनांच्या आवाजावर काम करणारा मोठा वर्ग एआरएआय या वाहनसंशोधन संस्थेत आणि वाहन कंपन्यांत आहे, ज्यातून मोजणीची उत्तम शिस्त मिळते. सभागृहांसाठी पद्धतशीर पदव्युत्तर शिक्षण हवे असेल तर सॅल्फर्ड, साउदॅम्प्टन, डेन्मार्कचे तंत्रविद्यापीठ, स्वीडनचे चाल्मर्स आणि अमेरिकेतील रेन्सेलिअर ही नावे पाहा. जाण्यापूर्वी दोन वर्षे एखाद्या सल्लागाराकडे काम करा. इथल्या इमारतीत काय चुकते हे डोळ्यांनी पाहिलेले असेल तर तिथल्या प्रयोगशाळेत काय विचारायचे ते कळते, आणि कर्ज काढून जायचे असेल तर आपल्याला हे काम खरोखर आवडते का, हेही आधीच समजलेले बरे.

पैशाविषयी थोडे. पहिली चार-पाच वर्षे वास्तुकाराच्या कार्यालयात मिळते तेवढेच मिळते, कधी कमी. पुढे स्थिर होते, कारण माहीतगार माणसे थोडी आहेत. अडचण वेगळीच आहे. वास्तुकाराला १९७२ च्या कायद्याने नोंदणी लागते. ध्वनिसल्लागाराला आपल्याकडे कसलीही नोंदणी लागत नाही. त्यामुळे ध्वनिफलक विकणारा विक्रेता स्वतःला सल्लागार म्हणवतो, आराखडा फुकट देतो आणि त्याचे मोल फलकांच्या चौरस फुटांत वसूल करतो. अशा आराखड्यात फलक नेहमीच गरजेपेक्षा जास्त निघतात, आणि माझ्या त्या सातशे आसनांच्या सभागृहात जे झाले तेच तिथेही होते, फक्त परत जाऊन मोजायला कोणी नसते. तुम्ही व्यवसाय सुरू केलात की तुम्हालाही विक्रेत्यांकडून टक्केवारीचे निरोप येतील. ती घेतलीत तर पहिली काही वर्षे सोपी जातील, आणि नंतर ‘इथे काहीही लावू नका’ हा सल्ला, जो आमच्या कामातला पुष्कळदा सर्वात उपयोगी सल्ला असतो, तुमच्या तोंडून निघू शकणार नाही. मी ती घेतली नाही, आणि त्यामुळे काही कामे गेली, हेही सांगितले पाहिजे.

आता संगीताचा प्रश्न. मला गाता येत नाही आणि कोणतेही वाद्य वाजवता येत नाही. सूर हलला की कळते, त्याचे नाव सांगता येत नाही. त्याने आजवर अडले नाही, कारण या कामात लागणारे ऐकणे निराळे आहे: शब्द कुठे तुटला, आवाज समोरून आला की छतावरून, कोणत्या क्षणी पंखा बंद झाला. ते सरावाने येते. पुढच्या वेळी नाटकाला जाल तेव्हा मध्यंतरापर्यंत शेवटच्या रांगेत आणि मध्यंतरानंतर सज्जाच्या खाली अगदी कडेला बसा, आणि न कळलेले प्रत्येक वाक्य पात्राचे तोंड कुठे होते यासह वहीत टिपा. नाट्यगृह रिकामे होताना व्यवस्थापकांना विचारून, सर्व यंत्रे बंद झाल्यावर, रंगमंचाच्या मध्यभागी एक मोठा फुगा फोडा आणि आपण टिपलेल्या दोन्ही जागांवर तो आवाज ध्वनिमुद्रित करा. व्यवस्थापक बहुधा नाही म्हणतील. तिसऱ्या-चौथ्या नाट्यगृहात कोणीतरी हो म्हणते. वही आणि ध्वनिमुद्रण हाती आले की मला पाठवा, निनादकाळ त्यातून कसा काढायचा ते मी सांगेन.